सोसाने अडवलेली शांती

पारकुन्नूच्या चर्चमध्ये शांती वेदीवरून खाली उतरते. कुर्बानाच्या उपासनेच्या मध्यावर आमचे धर्मगुरू, म्हणजे अच्चन, आपले जोडलेले हात कारभाऱ्याच्या ओंजळीत देतात. कारभारी पायऱ्या उतरून ती शांती पुरुषांतल्या पहिल्याला आणि बायकांतल्या पहिलीला देतो, आणि मग ती हातातून हातात सरकत मागच्या दारात उशिरा येऊन उभ्या राहिलेल्यांपर्यंत पोचते. पुरुषांच्या बाजूला तिच्यात कधी खंड पडला नाही. बायकांच्या बाजूला मात्र ती तिसऱ्या रांगेत सोसापाशी येऊन अडायची. शेजारणीने हात पुढे केले की सोसा आपले दोन्ही हात अंगावर पांघरलेल्या पांढऱ्या कवणीखाली ओढून घ्यायची आणि समोरच्या क्रुसाकडे बघत उभी राहायची. मागच्या बायकांना शांती भिंतीकडून वळसा घालून पोचवावी लागे. घरात नवी सून आली की सासू पहिल्या रविवारीच तिला बजावायची, "सोसा चेडत्तीच्या मागं उभी राहू नकोस गं, रिकाम्या हाताने घरी येशील." चेडत्ती म्हणजे थोरली ताई; वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे तसंच म्हणतात.

असं किती वर्षं चाललं म्हणाल, तर तिच्या शेजारच्या अक्काम्माच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हाही सोसा अडवत होती आणि त्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही.

आता कुणी म्हणेल, बाई वेडी असेल. सोसा अजिबात वेडी नव्हती. ठेंगणी, काळी, कानाच्या वरच्या पाळीत सोन्याच्या जाड कड्या, चालणं असं की रस्ता तिच्या बापाचा. पहाटे उठून दुसऱ्याच्या मळ्यातली रबराची झाडं कोरायची, दुपारी स्वतःच्या तुकड्यात कप्प्याच्या, म्हणजे साबुकंदाच्या, कांड्या लावायची, संध्याकाळी दिव्यासमोर मोठ्या आवाजात प्रार्थना म्हणायची. आवाज एवढा मोठा की शेजारच्या घरातल्यांची प्रार्थना तिच्याच प्रार्थनेवर भागायची. तोंडाने फटकळ होती, हे तिचे सोयरेही नाकारणार नाहीत. पण कुणाच्या घरात बाळंतीण अडली तर पहिली हाक तिलाच जायची आणि ती हातातलं टाकून जायची. ईपन मुतलाळीच्या, म्हणजे खाणमालकाच्या, सुनेच्या बाळंतपणालाही गेली होती. मूल हातात घेऊन सुनेला म्हणाली, "पोरगं गोड आहे. आजोबावर जाऊ देऊ नकोस," आणि पाणीसुद्धा न पिता घरी आली.

कारण शांती वेदीवरून ज्याच्या हातात यायची तो कारभारी म्हणजे हाच ईपन मुतलाळी.

सोसाचा नवरा इट्टूप ईपनच्या दगडखाणीत सुरुंगासाठी भोकं पाडायचा. खाणीच्या तोंडाशी फणसाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. बत्ती द्यायच्या आधी त्यावर हातोड्याने टोल द्यायचे. टोल ऐकला की खाणीतली माणसं कातळाआड पळायची, आणि खाली दरीत प्रत्येक घरातली बाई चुलीवरच्या भांड्यावर झाकण टाकायची, नाहीतर सुरुंगाची धूळ पेजेत यायची. पारकुन्नूच्या बायकांच्या हातालाच ती सवय होती. बोलता बोलता टोल पडला तर बोलणं न थांबवता हात झाकणाकडे जायचा.

त्या दिवशी सोसाच्या पेजेत धूळ पडली. तिने मान वर करून डोंगराकडे पाहिलं, खाणीवाल्यांना एक शिवी हासडली, आणि दुसऱ्याच क्षणी हातातली पळी टाकून उठली. टोल ऐकू आला नव्हता.

दगड न्यायला आलेला ट्रक खोळंबला होता, ईपन मुतलाळी तापला होता, त्याने स्वतःच बत्ती दिली, टोल द्यायचा विसरला, आणि इट्टूप सुरुंगात सापडला. एवढीच गोष्ट होती. माणूस विसरतो. तेवढ्यावर ईपनने कपाळ बडवून घेतलं असतं, सोसाच्या अंगणात येऊन जमिनीवर बसला असता, तर कदाचित ही कहाणी सांगायची वेळच आली नसती. पण पोलीस यायच्या आत ईपनने डोकं चालवलं. सकाळी सोसा आणि इट्टूपचं सुक्या मासळीवरून भांडण झालं होतं आणि ते भांडण आळीने ऐकलं होतं. "दोन तुकडे जास्त वाढलेस तर तुझा बाप येणार आहे का मागायला?" असं इट्टूप ओरडला होता, आणि सोसाने उरलेली मासळी मांजरापुढे ठेवली होती. ईपनने पोलिसांना सांगितलं, "घरातून भांडून आला होता. टोल दिला, सगळे पळाले, हा मुद्दाम जाऊन सुरुंगावर बसला."

एका दगडात दोन जीव मारले त्याने. नवरा आत्महत्या करणारा ठरला आणि बायको त्याला मरणाच्या दारी लोटणारी.

आमच्या दफनभूमीच्या मागच्या अंगाला एक कोपरा आहे, त्याला तेम्माडींची जागा म्हणतात. उनाड, वाया गेलेले, जीव दिलेले, ज्यांच्यासाठी चर्चची घंटा वाजत नाही असे लोक तिथे. मधे कंबरभर उंचीची दगडी भिंत, म्हणजे चांगल्या मेलेल्यांना त्यांचा विटाळ नको. चर्चच्या समितीच्या बैठकीत ईपन कारभारी म्हणून बसला होता. त्या वेळचे म्हातारे अच्चन त्याच्यापुढे ब्र काढायचे नाहीत. इट्टूपला धूप नाही, क्रूस नाही, प्रार्थना नाही, असा पोत्यात बांधल्यासारखा त्या कोपऱ्यात नेऊन पुरला. सोसा भिंतीपाशी उभी राहून स्वतःच मोठ्याने दफनाची प्रार्थना म्हणू लागली, तेव्हा कुणीतरी तिचा दंड धरून तिला बाजूला नेलं. त्या दिवसापासून तिने ईपनला 'तू' म्हणायला सुरुवात केली. अख्खा गाव ज्याला मुतलाळी म्हणतो, त्याला रबर कोरणारी बाई अरे-तुरे करते, याचा लोकांना इट्टूपच्या मरणापेक्षा जास्त धक्का बसला.

खरं सांगायचं तर सुरुवातीला एकदा सोसाच्याच मनात किडा वळवळला होता. मासळीचे दोन तुकडे. खरंच बसला असेल का रागाने? दिवसभर ती चूल न पेटवता बसून राहिली. मग तिला पेजेतली धूळ आठवली, आणि ती उठली ती पुन्हा कधी त्या प्रश्नाकडे वळली नाही.

ईपन ख्रिसमसला तांदळाचं पोतं पाठवायचा. सोसा ते रस्त्याच्या मधोमध ठेवायची, गावातल्या कोंबड्यांची चंगळ व्हायची. शेवटी त्याने पोतं बंद केलं आणि दुसरीच गोष्ट सुरू केली. चहाच्या दुकानात, समितीत, लग्नाच्या मांडवात छातीवर हात ठेवून म्हणायचा, "ती काय वाटेल ते बोलते मला. पण मी तिला माफ केलंय. ख्रिस्ती माणूस आहे मी." हे सोसाच्या कानावर आलं तेव्हा ती हातातला विळा घेऊन तडक चहाच्या दुकानात गेली. ईपनच्या तोंडचं पाणी पळालं. सोसाने विळा बाकावर ठेवला आणि म्हणाली, "घाबरू नकोस. तुला मारायचं काम माझं नाही, ज्याचं आहे तो करील, त्याला घाई नसते. पण तू मला माफ केलंस म्हणून पुन्हा कुठे बोललास, तर ज्या मांडवात बोलशील त्या मांडवात येऊन मी खरं सांगीन." त्या दिवसापासून तिला माफ करायचं ईपनने बंद केलं.

मग म्हातारे अच्चन गेले आणि त्यांच्या जागी स्करिया अच्चन आले. दाढी अजून पुरती भरली नव्हती. पहिल्याच रविवारी त्यांनी तिसऱ्या रांगेतला अडथळा पाहिला, चौकशी केली, आणि आठवड्याभरात छत्री घेऊन सोसाच्या अंगणात हजर झाले.

सोसाने स्टूल पुसून दिलं, काळ्या कॉफीचा पेला समोर ठेवला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"सोसाम्मा," अच्चन म्हणाले, "शांती आपली नसते. ती वेदीवरून येते. ती अडवायचा आपल्याला अधिकार नाही."

"वेदीवरून येते हे खरं. पण वाटेत कुणाच्या हातातून येते ते पण बघा की अच्चन. नदीचं पाणी चांगलंच असतं. वर कुणी मढं टाकलं तर खाली प्यायचं का?"

"प्रभूने सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितलंय."

"सांगितलंय ना. तोच प्रभू दुसरीकडे असंही म्हणतो की भाऊ सात वेळा येऊन 'चुकलो' म्हणाला तर सात वेळा माफ कर. मी कधीची वाट बघत्ये. हा एकदा तरी आला का?"

अच्चनांनी कॉफीचा घोट घेतला. हे वाक्य त्यांना माहीत होतं, पण ते अंगणात असं समोर येऊन बसेल ही कल्पना नव्हती.

"त्याने यावं हे बरोबरच. पण तुमच्या मनातल्या विषाचं काय? ते तुम्हालाच जाळतंय."

"कोण म्हणालं माझ्या मनात विष आहे? ईपन? माझ्या मनात काय आहे ते मी सांगते. त्याची खाण बुडावी असं मी कधी मागितलं नाही. त्याच्या नातवाची नाळ ह्या हातांनी कापली. माणूस मारला त्याने, ते मी त्याला केव्हाच सोडलं, कारण ते चुकून झालं. पण खोटं चुकून नाही झालं अच्चन. ते रोज होतंय. आज पण माझा नवरा त्या भिंतीमागे आहे. जो पाय अजून मानेवर आहे तो उचलायच्या आधी कसं म्हणू, जा बाबा, माफ केलं?"

"न्याय देव करील, असं तुम्हीच म्हणता ना?"

"करील की. हाबेलचं रक्त मातीतून ओरडत होतं, तेव्हा देव त्याला म्हणाला का, गप्प बस, भावाला माफ कर? आधी काईनाला विचारलं, तुझा भाऊ कुठाय. तेवढा प्रश्न तुम्ही ईपनला विचारा. मग माझ्याकडे या, मी अजून एक कॉफी देते."

"अशानं तुम्ही प्रसादापासून दूर राहिलात इतकी वर्षं. उद्या काही बरंवाईट झालं तर?"

सोसाने पेला उचलला. "हात अडवायचा आणि प्रसादही घ्यायचा, असं दुहेरी खोटं मला जमत नाही. बरंवाईट झालं तर टाका मला त्याच कोपऱ्यात. तिथं इट्टूप एकटा आहे."

अच्चन छत्री विसरून गेले. दुसऱ्या दिवशी सोसाने ती त्यांच्या दारात नेऊन टेकवली.

ईपनला विचारायचं धाडस मात्र अच्चनांना झालं नाही. चर्चचं छप्पर त्यानेच बांधून दिलं होतं. आणि त्याच सुमारास ईपनच्या छातीत कळ येऊन गेली. कोट्टयमच्या डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली. खाणीकडे जाणं मुलाने बंद केलं. दिवसभर पडवीत आरामखुर्चीत बसून ईपन दरीकडे बघायचा, आणि दरीत नेमकं सोसाचं घर. एका संध्याकाळी त्याने अच्चनांना बोलावून घेतलं.

"त्या बाईने एकदा माझ्या हातात हात दिला पाहिजे," तो म्हणाला. "मग मी सुटलो. कसं करायचं ते तुम्ही बघा."

अच्चनांना वाट सापडली, आणि इथेच त्यांची चूक झाली. मोठ्या उपवासाच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे शुब्कोनो असतो. आधी अच्चन लोकांपुढे गुडघे टेकून माफी मागतात, मग लोक एकमेकांसमोर उभे राहतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाला हात देऊन शांती देतो. सासू सुनेला, मालक गड्याला. ती घेतल्याशिवाय पन्नास दिवसांच्या उपवासात पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी कुणी हात नाकारल्याचं पारकुन्नूत कधी ऐकलं नव्हतं. सोसा नेहमी त्या दिवशी घरीच राहायची. अच्चनांनी ठरवलं की यंदा तिला आणायचं आणि रांगेत सगळ्यात पुढे उभं करायचं. साऱ्या गावासमोर, त्या दिवशी, ती हात मागे घेऊच शकणार नाही.

निरोप त्यांनी अक्काम्माबरोबर धाडला. अक्काम्मा म्हणजे सोसाची शेजारीण आणि लांबची जाऊ, मनाने लोण्याहून मऊ आणि भीतीने सदा अर्धमेली. तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे ईपनच्याच खाणीत. त्या दिवशी सोसाच्या अंगणात कप्पा उकडायचं काम चाललं होतं. आळीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या, कुणी साली काढत होती, कुणी काप करत होती, मधे मोठ्या पातेल्याखाली जाळ धडधडत होता.

"चल की गं ह्या वेळी," अक्काम्मा साल काढता काढता म्हणाली. "म्हातारा झालाय तो. आज आहे, उद्या नाही."

"मी पण म्हातारीच झाल्ये. मला कुणी आरामखुर्ची दिली नाही."

"तुझं तोंड म्हणजे ना चेडत्ती," दुसरी म्हणाली. "एवढा राग उरी घेऊन झोप तरी कशी लागते?"

"मस्त लागते. झोपेची गोळी तो घेतो. त्याच्या सुनेने सांगितलं."

बायका हसल्या. हसणं ओसरल्यावर सोसाने हातातली सुरी खाली ठेवली.

"आज सगळ्या आहात म्हणून विचारते. इट्टूप गेला त्या दिवशी तुमच्या पेजेत धूळ पडली होती की नाही?"

एकीला अचानक जाळ कमी वाटला, ती लाकडं आणायला उठली. अक्काम्माच्या हातातला कंद सोलून झाला होता तरी ती सोलतच राहिली.

"खाण बंद झाली तर आम्ही खायचं काय?" शेवटी ती अगदी हळू म्हणाली.

"मी काय खाते?" सोसा म्हणाली. "असो. अच्चनांना सांग, येते मी. उपवासाच्या आधी एकदा सगळ्यांची तोंडं बघून घ्यावी म्हणते."

अच्चनांनी हे ऐकलं आणि देवाचे आभार मानले. बिचारे तरुण होते.

सोमवारी दुपारी चर्च गच्च भरलं. आदल्या दिवशीचं मटण आणि मासळी लोकांच्या अंगात अजून होती, चेहरे जड होते. अच्चन गुडघ्यावर बसले, कपाळ फरशीला टेकवून म्हणाले, माझ्या भावांनो, माझ्या बहिणींनो, मला क्षमा करा. लोक म्हणाले, देव तुम्हाला क्षमा करो. मग रांगा लागल्या. बायकांच्या रांगेत सगळ्यात पुढे सोसा, धुतलेली कवणी, कानातल्या कड्या चकचकीत. अच्चनांनी आधी तिला शांती दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली. चर्चमध्ये एक मोठा सुस्कारा सुटला.

मग ईपन मुतलाळी पुढे आला. मुलाच्या खांद्याचा आधार सोडून त्याने दोन्ही हात जोडले आणि सोसासमोर धरले. तोंडाने काहीच म्हणाला नाही. त्या दिवशी म्हणावं लागतच नाही.

सोसाने त्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले.

मागून कुणीतरी 'प्रभू, तुझी कृपा' असं पुटपुटलं. ईपनचे डोळे भरून आले. हात घेतल्यावर सोडायचे असतात. त्याने ते ओढून घ्यायला पाहिले, पण ते निघेनात. जन्मभर रबराच्या झाडांवर सुरी चालवलेले हात होते ते.

"शांती पाहिजे ना?" सोसा म्हणाली. आवाज प्रार्थनेचाच होता, म्हणजे मागच्या दारापर्यंत जाणारा. "देते. हात धरलेत ते द्यायलाच धरलेत. आधी सांग, त्या दिवशी टोल पडला होता का?"

अच्चन घाईने पुढे आले. "सोसाम्मा, ही जागा नाही…"

"हीच जागा आहे अच्चन. ह्याच चर्चच्या समितीत बसून हा बोलला. कोर्टात बोलला असता तर कोर्टात विचारलं असतं."

"सोसा," ईपन म्हणाला, "सोड. माझ्या छातीत दुखतं."

"मग लवकर बोल. माझ्या पण दुखतं."

ईपनने आजूबाजूला पाहिलं. पुरुषांच्या बाजूला सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. ह्याच लोकांच्या गप्प बसण्यावर त्याची इतकी वर्षं निघाली होती. तो पुन्हा ओठ घट्ट मिटून उभा राहिला. आता सोसाला हात सोडावेच लागतील, आणि सोडले की साऱ्या जगाला दिसेल की शांती दिली गेली, असा त्याचा हिशेब असावा.

तेव्हा बायकांच्या रांगेतून आवाज आला. आवाज कसला, उंदराची चूंचूं. अक्काम्मा होती.

"माझ्या पेजेत धूळ पडली होती," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर तिथेच बसली असती. अक्काम्मा उभीच राहिली. "टोल पडला असता तर झाकण टाकलं असतं. माझ्या पेजेत खडे आले. मी ती ओतून दिली."

"माझं मोरू कालन नासलं," मागून एक म्हातारी म्हणाली. "अख्खं भांडंभर ताकाची कढी."

"आमच्याकडे पण."

"आमच्या पण."

पारकुन्नूच्या चुली एकेक करून बोलायला लागल्या. इतकी वर्षं गिळून ठेवलेली धूळ त्या दिवशी ओकली बायकांनी. पुरुषांच्या बाजूला कुणी वर पाहिलं नाही. काहींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ईपनचे खांदे खाली आले. "नाही पडला," तो म्हणाला.

"मोठ्याने. तेव्हा मोठ्याने बोलला होतास."

"टोल पडला नव्हता." ह्या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. "मी दिलाच नाही. विसरलो. इट्टूपला माहीतच नव्हतं. तो बसला नव्हता सुरुंगावर, तो हातोडा शोधत होता. मी खोटं बोललो." आणि मग, कुणी न सांगता, त्या जड माणसाने गुडघे टेकले. हात अजून सोसाच्या हातातच होते, त्यामुळे तिलाही वाकावं लागलं. "मला क्षमा कर."

सोसा रडली. इट्टूपला पुरलं तेव्हा ती रडली नव्हती, हे बघणाऱ्यांना आठवत होतं. तिने कवणीच्या टोकाने नाक पुसलं आणि म्हणाली, "देव तुला शांती देवो." मग त्याचे हात सोडले, मागे वळली आणि अक्काम्माला शांती दिली. अक्काम्माने पुढचीला दिली, आणि ती भिंतीकडून वळसा न घालता मागच्या दारापर्यंत गेली.

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. अच्चनांना तर फारच बरं वाटलं असतं. आठवड्याभरात समिती बसली. ईपनने कारभारीपण सोडलं. ठराव असा झाला की इट्टूपच्या अस्थी काढून दफनभूमीच्या पुढच्या भागात, फाटकाजवळच्या मानाच्या ओळीत ठेवाव्यात, वर संगमरवरी दगड, खर्च ईपनचा. अच्चन स्वतः ही बातमी घेऊन गेले.

सोसा अंगणात वाळलेला कप्पा पोत्यात भरत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हलवायचा नाही," ती म्हणाली.

अच्चनांना वाटलं, त्यांनीच नीट सांगितलं नसेल. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"कळलं मला. तो तिथंच राहील. तुम्ही धूप आणि क्रूस घेऊन त्या कोपऱ्यात या. दफनाची प्रार्थना पूर्ण म्हणा, एक शब्द न गाळता. आणि नुसती इट्टूपसाठी नाही. तिथं आहेत त्या सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी कशी म्हणता येईल? बाकीच्यांचं तसं नव्हतं. त्यांतल्या काहींनी खरंच…"

"कोण सांगतंय? समिती? इट्टूपबद्दल पण समितीनेच सांगितलं होतं. त्या भिंतीमागे आणखी किती जणांचा टोल पडला नव्हता, ते तुम्हाला ठाऊक आहे का अच्चन? मला नाही. ज्याला आहे तो बघून घेईल. आपण प्रार्थना म्हणायची. आणि ती भिंत पाडायची."

"भिंत?"

"भिंत. दगड ईपनच्या खाणीतले आहेत, म्हणून ईपनने पाडायची. अच्चन, क्षमा क्षमा म्हणून तुम्ही माझ्या दारात किती घसा कोरडा केलात. आता क्षमा केल्ये, तर पूर्ण होऊ द्या. अर्धी क्षमा संगमरवराखाली पुरू नका."

समितीत पुन्हा पुष्कळ आदळआपट झाली. वरच्या लोकांना विचारावं लागेल, प्रथा आहे, पायंडा पडेल. सोसाने निरोप पाठवला की भिंत पडेपर्यंत ती शांती घेईल, पण तिसऱ्या रांगेत नाही, भिंतीपलीकडे इट्टूपजवळ उभी राहून घेईल, ज्याला द्यायची असेल त्याने तिथे यावं. पुढच्या रविवारी ती खरंच तिथे जाऊन उभी राहिली. अक्काम्मा शांती घेऊन चर्चमधून बाहेर आली आणि दफनभूमी ओलांडून तिच्याकडे गेली. त्याच्या पुढच्या रविवारी बायकांची अर्धी रांग गेली. मग मात्र समितीने तोंड मिटलं.

भिंत पाडायला ईपन एकटाच आला. मुलाने गडी पाठवतो म्हटलं होतं, डॉक्टरांचं नाव काढलं होतं, पण त्याने ऐकलं नाही. वरचे दगड सुटे होते, ते एकेक उचलून तो बाजूला ठेवत होता आणि दर दगडानंतर टेकत होता. सोसा बाजूला नारळाच्या झाडाला पाठ लावून बसली होती. मदत करायला ती उठली नाही. पाण्याचा तांब्या तेवढा तिने मधे आणून ठेवला होता.

मग ईपनने हातातला दगड पोटाशी धरून विचारलं, "सोसा, तू मला माफ केलंस?"

"हात दिला ना साऱ्या गावासमोर? पुन्हा किती वेळा देऊ?"

"आणि देव? देव करील?"

सोसाने त्याच्याकडे पाहिलं. घाम त्याच्या पांढऱ्या भुवयांवरून टपकत होता आणि तो खरोखर घाबरलेला होता, हे तिला दिसत होतं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, करील हो, का नाही करणार.

"ते मला विचारू नकोस," ती म्हणाली. "माझ्याकडचं होतं तेवढं मी दिलं. त्याच्याकडचं त्याला विचार. आणि तो दगड तिकडे नको टाकू, तिथं कुणीतरी झोपलंय."